मोबाईलमधील खेळ, अभ्यास आणि अप्पमाद

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





वर्षावासाच्या मालिकेत मोबाईलवरील खेळ हा विषय आला, याचे आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. पत्रिका छापायला गेली तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी मला विचारलेदेखील, "काय हो, धम्मावर बोलायला विषय संपले काय?" विषय संपलेले नाहीत. परंतु आपल्या अभ्यासिकेच्या दारात जी वेताची टोपली ठेवली आहे, ती मी रोज सायंकाळी पाहतो. मुलांनी आत येताना मोबाईल त्या टोपलीत ठेवावा असा आपला नियम आहे. मुले मोबाईल ठेवतात, पण लक्ष टोपलीतच ठेवून येतात. पालक माझ्याकडे तक्रार करतात, मुले आपसांत हसतात, आणि प्रश्न तसाच राहतो. म्हणून ज्या वस्तूने वेळ खाल्ला जातो, त्याच वस्तूचा उपयोग वेळ राखण्यासाठी करता येतो काय, याचा एक अनुभव आपल्यापुढे ठेवावा असे ठरविले. हा अनुभव सगळाच गोड नाही, हे आधीच सांगतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला आपल्या अभ्यासिकेतील पाच विद्यार्थ्यांनी 'हॅबिटिका' नावाचे एक ॲप घेतले. तिघे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, एक बारावीचा, आणि एक परिचारिका अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी. कल्पना तिचीच. त्यांनी मलाही आग्रहाने सहावा म्हणून सामील करून घेतले. कारण विचाराल तर या स्मरणिकेसाठी 'संस्थेची वाटचाल' हा लेख लिहून देण्याचे मी तीन वर्षांपूर्वी कबूल केले होते, आणि तीन वर्षांत त्याचे पहिले पानसुद्धा झाले नव्हते. मुलांना हे ठाऊक होते. "काका, आम्हाला आळशी म्हणता, मग तुमचे काय?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हे ॲप कसे चालते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. टायलर रेनेल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २०१३ च्या सुमारास ते तयार केले. आधी त्याचे नाव 'हॅबिटआरपीजी' होते. आपण आत गेलो की आपले एक छोटे पात्र तयार होते. त्या पात्राला आरोग्याचे पन्नास गुण असतात. मग आपण आपली खरी कामे त्यात लिहायची. काही सवयी, काही रोजची कामे, काही एकदाच करावयाची कामे. काम झाले की आपणच त्यावर खूण करायची. खूण केली की पात्राला अनुभव मिळतो, सोन्याची नाणी मिळतात, त्याची पायरी वाढते. रोजचे काम राहिले की दुसऱ्या दिवशी पात्राला इजा होते. पन्नासचे शून्य झाले की पात्र मरते; म्हणजे एक पायरी खाली येते, सोने जाते, आणि कमावलेली एखादी वस्तूही जाते. मरण एवढे स्वस्त असते तर बरे झाले असते, पण खेळ आहे तो.

खरी गंमत पुढे आहे. पाच-सहा जणांनी मिळून एक तुकडी करायची आणि मोहिमेवर निघायचे. प्रत्येक मोहिमेला एक कथा असते. आम्हाला सुरुवातीलाच जो राक्षस भेटला तो एक सर्प होता, आणि तो सर्प तयार झालेला होता कामांच्या याद्यांच्या चिठ्ठ्यांपासून! माझ्या टेबलाच्या खणात 'संस्थेची वाटचाल' असे शीर्षक घातलेले कोरे कागद पडले होते. मला तो सर्प परका वाटला नाही. या राक्षसाला मारायचे कसे? तर प्रत्येकाने आपले खरे काम करून. परिचारिका मुलीने शरीररचनाशास्त्राचे एक प्रकरण वाचले की राक्षसाला मार. मी अर्धे पान लिहिले की राक्षसाला मार. पण माझे रोजचे काम राहिले, तर राक्षस केवळ मला मारत नाही, सगळ्या तुकडीला मारतो. माझ्या आळसाची जखम बारावीच्या पोराच्या पात्राला होते.

या एका नियमाने पहिला महिना असा गेला की मी थक्क झालो. वयाच्या साठीत मी रात्री साडेदहाला उठून दिवा लावत होतो, कारण पोरे म्हणायची, "काका, आज तुमची खूण दिसत नाही." महिनाभरात माझी नऊ पाने झाली. मुलांची वाचनाची वेळ वाढली. टोपलीतल्या मोबाईलकडे पाहण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही. ते आता खूण करण्यासाठी पाहू लागले.

हे का घडले याचा मी विचार केला. मोठे काम माणसाला घाबरवते. 'परीक्षा उत्तीर्ण होणे' हे काम कोणी एका संध्याकाळी करू शकत नाही. म्हणून ते रोज उद्यावर जाते. 'राज्यघटनेची दहा कलमे वाचणे' हे काम पंचवीस मिनिटांत होते. इटलीचा फ्रान्सेस्को सिरिलो हा विद्यार्थी असताना १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून थोड्या थोड्या वेळाचा अभ्यास करू लागला. आज त्याच्या पद्धतीला जगभर 'पोमोडोरो' म्हणतात. इटालियन भाषेत पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. आता 'फॉरेस्ट' नावाचे ॲप तेच काम झाड लावून करून घेते. ठरविलेला वेळ मोबाईलला हात लावला नाही तर पडद्यावर झाड वाढते, मध्येच दुसरीकडे गेलात तर झाड वाळते. कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याचा शेवट डोळ्यांना दिसू द्या, एवढेच हे शास्त्र आहे. आपल्या अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायाम म्हणजे तरी काय? अकुशल उत्पन्न होऊ न देणे, झालेले सोडणे, कुशल उत्पन्न करणे, आणि उत्पन्न झालेले टिकवून वाढविणे. या चार प्रयत्नांपैकी चौथा सर्वांत अवघड आहे. सुरुवात सगळेच करतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपली अभ्यासिका भरून वाहते आणि मार्चमध्ये पंख्याखालच्या जागासुद्धा रिकाम्या असतात!

आता कडू भाग सांगतो.

दुसऱ्या महिन्यात आमच्या तुकडीतील एका मुलाची आई आजारी पडली. तिला सरकारी रुग्णालयात दाखल केले. आठ दिवस तो रात्रंदिवस रुग्णालयाच्या व्हरांड्यात होता. आम्ही जाऊन भेटून आलो. परंतु ॲपमध्ये पाहावे तर त्याच्या सर्व कामांवर रोज खूण! दोन तास इतिहास, एक तास गणित, वर्तमानपत्राचे वाचन. आम्ही म्हणालो, काय जिद्द आहे पोराची. मी तर दोन-तीन ठिकाणी त्याचे उदाहरण दिले. पुढे आई घरी आली, पण खुणा तशाच चालू राहिल्या आणि त्याचे पात्र आमच्यात सर्वांत वरच्या पायरीला पोहोचले. नंतर अभ्यासिकेत आपण सराव परीक्षा घेतली, तेव्हा त्याला शंभरपैकी एकतीस गुण पडले.

मी त्याला बाजूला घेऊन विचारले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मी खूण केली नसती तर तुम्हा सगळ्यांना मार बसला असता. माझ्यामुळे मोहीम हरायला नको म्हणून केली. आणि मग ती सवयच झाली."

ॲपला काही दिसत नाही. आपण पुस्तक उघडले की नाही, हे त्याला कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उलट अदबीने विचारते, काल केलेली पण खूण करायची राहिलेली कामे कोणती? खोटे बोलायला याहून सोपी जागा नाही. आणि हा मुलगा लबाड नव्हता. इतरांना त्रास होऊ नये म्हणून तो पहिले खोटे बोलला. दुसरे खोटे पहिल्यामुळे बोलला. अडचणीच्या काळात आपल्यापुरती इजा थांबवून ठेवण्याची सोय त्या ॲपमध्ये आहे. त्याला ती ठाऊक नव्हती, आणि आम्हा पाचांपैकी एकालाही ती त्याला सांगावीशी वाटली नाही. आम्हाला राक्षसाची घाई होती. मोहीम जिंकण्याच्या नादात तुकडीतला माणूस कुठे आहे हे आम्ही विसरलो. हा दोष मी त्याच्या एकट्यावर टाकत नाही. खरे सांगायचे तर माझ्या नऊ पानांपैकी एक पानही अर्धेच होते.

या ठिकाणी मला राहुलाला केलेला उपदेश आठवला. मज्झिम निकायात तो आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी जे धम्मग्रंथ वारंवार ऐकावेत म्हणून सांगितले, त्यात खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेल्या उपदेशाचा उल्लेख आहे. भगवंतांनी पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी राहुलाला दाखवले, मग ते फेकले, मग भांडे उपडे केले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रामण्य या भांड्यासारखे रिते, असे त्यांनी समजावले. मग विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसे कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर, असे तीन वेळा पाहावे. मित्रांनो, ॲप फक्त तिसऱ्या वेळेला विचारते, आणि तेही केवळ 'झाले की नाही' एवढेच. कसे झाले, का राहिले, हे तो आरसा दाखवत नाही. तो आरसा माणसाचा लागतो.

मग आम्ही एक बदल केला. दर रविवारी सायंकाळी वंदनेनंतर आम्ही सहाजण अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत बसू लागलो. आठवड्यात काय झाले, काय झाले नाही, कुठे खोटी खूण केली, हे ज्याने त्याने तोंडाने सांगायचे. कोणी उपदेश करायचा नाही. चहा असतो. भिक्खुसंघ पंधरवड्यातून एकदा उपोसथासाठी एकत्र येतो आणि दोष लपवून तेथे बसता येत नाही. त्याचीच ही आमची कच्ची नक्कल समजा. पहिल्या रविवारी तो मुलगा बोलला, आणि त्याच्यानंतर सगळेच बोलले. खोट्या खुणा प्रत्येकाच्या निघाल्या.

आता बक्षिसाविषयी. काही पालकांनी मला विचारले की मुलांना सोन्याच्या नाण्यांचे आमिष दाखवून अभ्यास करायला लावणे बरोबर आहे काय? प्रश्न योग्य आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील बालवाडीत एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी चांदणी लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी रंग पुन्हा समोर ठेवले, तेव्हा बक्षीस कबूल करून चित्र काढवून घेतलेली मुले इतरांच्या तुलनेत साधारण निम्माच वेळ चित्रे काढत बसली. आवडीचे काम मोलाचे झाले आणि मोल थांबल्यावर आवडही ओसरली.

पण याच्या उलट बाजूची एक कथा आपल्याच परंपरेत आहे. नंद हा भगवंतांचा सावत्र भाऊ. तो भिक्खू झाला खरा, पण घरी सोडून आलेल्या जनपदकल्याणीची आठवण त्याला स्वस्थ बसू देईना. उदान ग्रंथातील कथेप्रमाणे भगवंतांनी त्याला देवलोकातील अप्सरा दाखवल्या आणि साधना केलीस तर या तुला मिळतील, याची मी हमी घेतो, असे सांगितले. स्वर्ग-अप्सरांचा भाग आपण कथा म्हणून घ्यावा. स्त्रीला बक्षीस म्हणून दाखविणे आज आपल्याला खटकते, आणि खटकलेच पाहिजे. परंतु कथेतला पुढचा भाग पाहा. नंद अप्सरांसाठी साधनेला लागला. इतर भिक्खूंना हे कळले आणि ते त्याला 'भतक' म्हणू लागले. भतक म्हणजे मजुरीवर काम करणारा. त्या शब्दाने नंद लाजला, एकान्तात गेला, आणि इतक्या निष्ठेने साधना केली की अर्हत झाला. मग तो येऊन म्हणाला, त्या हमीतून मी आपल्याला मुक्त करतो. आणि भगवंतांनी उत्तर दिले की तुझे चित्त मुक्त झाले त्याच क्षणी मी हमीतून सुटलो होतो.

अजिंठ्याच्या सोळा क्रमांकाच्या लेण्यात, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरविलेल्या त्या विहारात, नंदाची ही कथा रंगवलेली आहे. नंदाचा मुकुट परत आलेला पाहून कोसळलेल्या त्याच्या पत्नीचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. पुढच्या सहलीला मुलांना तेथे नेले तर त्यांना अवश्य सांगा की ज्याला आज परदेशात मोठमोठ्या कंपन्या खेळाची युक्ती म्हणून विकतात, ती युक्ती आणि तिची मर्यादा या भिंतीवरच्या कथेत दीड हजार वर्षांपूर्वी माणसांना ठाऊक होती.

बक्षिसाने काम सुरू करण्यात पाप नाही. वर्ष उलटले तरी आपण भतकच आहोत काय, एवढे तपासत राहावे लागते. आमच्या तुकडीत हे निरनिराळ्या तऱ्हेने घडले. बारावीच्या मुलाचा दोन महिन्यांतच कंटाळा झाला. त्याला पात्राचे कपडे बदलण्यातच जास्त रस होता. त्याने ॲप काढून टाकले, आणि ते बरे केले. परिचारिका विद्यार्थिनी अजून वापरते, कारण तिच्या रात्रपाळ्यांमुळे दिवसाचा क्रम मोडतो आणि ती यादी तिला उपयोगी पडते. आई आजारी पडलेल्या मुलाने जानेवारीत ते सोडले. तो पूर्व परीक्षेत यशस्वी झाला नाही. यंदा पुन्हा बसतो आहे. रविवारच्या बैठकीला मात्र तो एकदाही चुकला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या ॲपमध्ये पूर्वी मोठमोठ्या सार्वजनिक मंडळ्या होत्या. जगभरचे लोक, कोणी अभ्यासासाठी, कोणी व्यसन सोडण्यासाठी, तेथे एकत्र येऊन एकमेकांना धीर देत. ऑगस्ट २०२३ मध्ये चालकांनी त्या मंडळ्या आणि सार्वजनिक गप्पांची जागा बंद केली. छोट्या तुकड्या राहिल्या. ज्याची जागा, त्याचा निर्णय. पण वर्षानुवर्षे जमवलेला सोबतीचा धागा दुसऱ्याच्या घरात ठेवला की असे होते. आपली मागची खोली गळते, तिचा पत्रा बदलायचा आहे, वर्गणी कमी पडते, हे सर्व खरे. पण ती कोणी आपल्याला न विचारता बंद करणार नाही.

शेवटचा मुद्दा कथेचा. हे ॲप माणसाला कथेने ओढते. राक्षस, योद्धा, जादूगार, जखमा भरून काढणारा वैद्य. आमच्या परिचारिका मुलीने अर्थातच वैद्याची भूमिका घेतली होती. माणूस कथेशिवाय कष्ट करीत नाही, हे या लोकांनी नेमके ओळखले. परंतु मला प्रश्न पडतो, आपल्या मुलांना उसन्या राक्षसाची गरज का पडावी? दरवर्षी एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त महाराष्ट्रात ठिकठिकाणी विद्यार्थी सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. कोणी नाणी देत नाही, कोणाच्या पात्राची पायरी वाढत नाही. १९२० नंतर लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचत बसलेला एक माणूस मुलांच्या डोळ्यांपुढे असतो, आणि तेवढे पुरते. ही कथाच आहे, आणि ती खरी आहे.

मात्र इथे मी थोडे अप्रिय बोलणार आहे. आपल्या अभ्यासिकेत गेल्या वर्षी अठरा तासांच्या अभ्यासाला त्रेसष्ट मुले बसली. छायाचित्रे निघाली, प्रमाणपत्रे वाटली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी सात वाजता मी मोजले, अकरा मुले होती. म्हणजे खऱ्या कथेचाही आपण एक दिवसाचा खेळ केला. अठरा तास हा आकडा आपण उचलला आणि रोज हा शब्द गाळला. ॲपची निदान एवढी थोरवी मान्य केली पाहिजे की ते दुसऱ्या दिवशी सकाळी विचारते.

अप्पमाद हा शब्द आपण परित्राणात ऐकतो. धम्मपदाचा दुसरा वग्गच अप्पमादवग्ग आहे. गाफील न राहणे, हा त्याचा साधा अर्थ. मुलांनी हे ॲप घ्यावे की नाही, हे मी सांगणार नाही. घ्यायचे असेल तर बिनपैशात घेता येते. आतल्या विकतच्या वस्तूंची अभ्यासाला काही गरज नाही. सुरुवातीला तीनपेक्षा जास्त रोजची कामे लिहू नका, कारण पहिल्या उत्साहात लिहिलेली अकरा कामे दहाव्या दिवशी अकरा खोट्या खुणा होतात. 'अभ्यास करणे' असे लिहू नका, कोणत्या पुस्तकाची कोणती पाने ते लिहा. खूण दिवसातून एकदाच, अभ्यासिकेतून बाहेर पडताना करा, म्हणजे टोपलीचा नियमही मोडत नाही. तुकडीत घरी कोणाची अडचण आहे, हे राक्षसाच्या आधी विचारा. आणि मोबाईल नसेल तर काही बिघडत नाही. अभ्यासिकेच्या भिंतीवर एक तक्ता लावला आहे, त्यावर खडूने खूण करा. त्या तक्त्यावर खोटी खूण करणे जरा जड जाते, असा माझा अनुभव आहे.

'संस्थेची वाटचाल' हा माझा लेख याच स्मरणिकेत छापण्यासाठी संपादक मंडळाकडे दिला आहे. चाळीस पाने ठरली होती, सव्वीस झाली. १९७२ च्या दुष्काळातील संस्थेच्या कामाचा भाग राहिला आहे, कारण त्या काळचे कार्यकर्ते आता तिघेच हयात आहेत आणि त्यांच्याकडे जायचे मी पुढे ढकलत आलो. पुढच्या रविवारी मला ते सहाजणांपुढे सांगावे लागणार आहे. बैठक सहा वाजता, मागच्या खोलीत असते; ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे.

जयभीम.